कन्व्हर्टरचं लायसन्स: कंपनी एमआयटी मागतेय, जीपीएल सोडू का?

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी. मी नाशिकची. डीटीपीत बरीच वर्षं काढली, मग पायथन शिकले. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक कन्व्हर्टर मी २०२१ पासून गिटहबवर (कोड खुला ठेवायची साइट) ठेवलाय, जीपीएल-३ खाली, म्हणजे कोणीही वापरावा, बदलावा, पण पुढे वाटताना सोर्स, म्हणजे मूळ कोड, त्याच अटींवर द्यावा. ऑफिसात ईआरपीनेक्स्ट हे हिशेब-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर चालतं, त्याचं लायसन्सही तेच, त्यामुळे ओळखीचं होतं. वाचल्यावर पटलंही होतं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जुन्या फॉन्टच्या फाइलीत अक्षरांचे आकार साठवलेले असतात, आणि तेही डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने. 'आर्थिक' हा शब्द घ्या. फाइलीत आधी आ, मग पहिली वेलांटी, मग थ, मग रफार, मग क. युनिकोडमध्ये अर्धा र थच्या आधी जातो आणि वेलांटी थच्या मागे. एकाच अक्षराभोवती दोन चिन्हं एकमेकांच्या जागा घेतात. त्यात मराठीचं आणखी एक: 'आचार्य' मधला रफार वेगळा आणि 'दुसऱ्या' मधला र वेगळा. हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले कन्व्हर्टर तिथे हमखास 'दुसर्या' करून ठेवतात. कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर याचा प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा, आणि एकाच फॉन्टच्या दोन आवृत्त्यांतही दोन-चार जागा हललेल्या असतात. हे तक्ते बसून, छापील पान शेजारी ठेवून, एकेक आकार तपासून केलेत. काही मी केले, काही तुमच्यासारख्यांनी पाठवले. 'आर्थिक' ची भानगड तर सांगलीच्या एका दादांनी सोडवली.

आता प्रश्न. गेल्या महिन्यात एका सॉफ्टवेअर कंपनीचा मेल आला. नियतकालिकांचे जुने अंक डिजिटल करायचं सॉफ्टवेअर ते विकतात आणि तीच सोय वेबसाइटवरही देतात. कन्व्हर्टर त्यांना त्यात घालायचाय. म्हणतात, जीपीएल आमच्या वकिलांना चालत नाही, एमआयटी करा (त्यात लायसन्सची नोंद ठेवली की झालं, सोर्स द्यायची अट नाही), एकरकमी मानधन देऊ.

पैशांचं सोडा, ते बघता येईल. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतायत. दिवाळी अंकांच्या, साप्ताहिकांच्या जुन्या फाइली सीडींवर पडून आहेत आणि त्या सीडी आता वाचल्याही जात नाहीत. कोणीही, कुठल्याही सॉफ्टवेअरमधून, हे युनिकोडमध्ये आणलं तर हवंच आहे. पण मी स्वतः त्या दुसऱ्या टोकाला बसलेली आहे. आमच्या छापखान्यात जे मराठी सॉफ्टवेअर होतं त्याला डोंगल (संगणकाला लावायची कुलपाची किल्ली) लागायचा. डोंगल बिघडला की काम ठप्प. आपणच टाइप केलेला मजकूर आपल्यालाच उघडता येत नसे, आणि एखादं जोडाक्षर चुकीचं उमटत असेल तर ते आयुष्यभर तसंच. उद्या मालेगावच्या एखाद्या प्रेसवाल्याला माझाच कन्व्हर्टर तशाच कुलूपबंद डब्यात मिळाला, तर मी हे केलं कशाला?

घेणाऱ्याला पूर्ण मोकळीक द्यावी, की सगळ्यांकडे मोकळीक टिकावी म्हणून घेणाऱ्यावर अट घालावी? ज्यांनी या दोन्हींतून काम केलंय त्यांनी सांगा.

मोकळा_कोड

ताई, एमआयटी करून टाका. मी पुण्यात कंपनीत काम करतो, आतली बाजू सांगतो. आमच्याकडे कुठलीही लायब्ररी घ्यायची तर लीगलकडे यादी जाते. एमआयटी, किंवा तसंच मोकळं बीएसडी, अपाची लायसन्स असेल तर दुसऱ्या दिवशी होकार. जीपीएल दिसलं की प्रश्न सुरू होतात, आणि डेडलाइन असलेला माणूस प्रश्नांची उत्तरं देत बसत नाही, दुसरं काहीतरी उचलतो. तुमच्या कंपनीकडेही तेच होईल. तुमचा कोड मिळाला नाही तर ते घाईघाईत स्वतःचा लिहितील आणि हजारो पानं 'दुसर्या' सकट बाहेर येतील. भोगणार कोण? वाचक.

कर्लचं बघा, इंटरनेटवरून डेटा आणणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर. डॅनियल स्टेनबर्ग यांनी ते एमआयटीसारख्या लायसन्सखाली दिलं. आज गाड्या, टीव्ही, फोन, सगळीकडे तेच आहे. एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) तर सार्वजनिक मालकीत सोडून दिलंय, तुमच्या फोनमध्ये आत्ता चालू असेल. कुणावर सक्ती नाही, तरी सुधारणा परत येतात. स्वतःची वेगळी प्रत सांभाळत बसणं महाग पडतं आणि मूळ प्रकल्पाला पॅच (दुरुस्तीचा कोड) देणं स्वस्त, हे कंपन्यांना कळतं. ईआरपीनेक्स्ट जीपीएल आहे खरं, पण ते ज्यावर उभं आहे ते फ्रापे फ्रेमवर्क त्याच मुंबईच्या मंडळींनी एमआयटीखाली दिलंय. पाया मोकळा ठेवला म्हणून त्यावर कोणीही काहीही बांधू शकतो.

अट घातली की ते स्वातंत्र्य राहत नाही, निदान माझ्या लेखी. अँड्र्यू टॅननबॉम यांची मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम इंटेलने चिपमध्ये वापरली तेव्हाही ते हेच म्हणाले की बर्कलीचं लायसन्स, म्हणजे बीएसडी, वापरणाऱ्याला सर्वांत जास्त मोकळीक देतं. ज्याने कोड लिहिला त्याचीच तक्रार नाही, तर आपण कशाला करायची?

जुना_युनिक्सवाला

आधी कायद्याचं उरकू, त्याने अर्धा प्रश्न सुटतो. ताई, हे लायसन्स तुम्ही एकट्या बदलू शकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला जातो, आणि ज्याने जो भाग लिहिला त्याचा हक्क त्याचा. पॅच पाठवणाऱ्यांनी तुम्हाला हक्क लिहून दिलेला नाही, जीपीएल-३ च्या अटींवर वापरायला दिलाय. एमआयटी करायचं तर प्रत्येकाची लेखी संमती हवी, नाहीतर त्याचा कोड काढून नव्याने लिहायला हवा. व्हीएलसीवाल्यांनी २०११ च्या सुमारास आपल्या प्लेअरचं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएलवर (जीपीएलचं सैल रूप) नेलं, तेव्हा जुन्या जुन्या लेखकांना एकेक करून गाठावं लागलं होतं. तुमच्याकडे माणसं थोडी आहेत, पण नियम तोच. आणि आजवर जीपीएलखाली जे बाहेर गेलं ते परत घेता येत नाही.

आता टॅननबॉम यांचं नाव निघालंच आहे तर तेच उदाहरण पुरतं बघू, कारण मला त्यात नेमकं उलटं दिसतं. मिनिक्स-३ बीएसडी लायसन्सखाली होती. इंटेलने ती मॅनेजमेंट इंजिनमध्ये घातली, म्हणजे प्रोसेसरच्या शेजारी चालणाऱ्या, सबंध मशीनवर हात असलेल्या छोट्या संगणकात. टॅननबॉम यांना ते बातम्यांतून कळलं. २०१७ मध्ये त्यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं. लायसन्सबद्दल तक्रार नव्हती हे बरोबर. काम झाल्यावर कोणी सौजन्य म्हणून कळवलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच म्हणणं होतं. पण 'वापरणारा' म्हणजे कोण? त्या वाक्यातला वापरणारा इंटेल आहे. त्याला खरोखरच पूर्ण मोकळीक मिळाली. ज्याने पदरचे पैसे मोजून लॅपटॉप घेतला त्याला आतली मिनिक्स वाचता येत नाही, बदलता येत नाही, सरळ मार्गाने बंदही करता येत नाही. लेखकाची तक्रार नाही म्हणून या माणसाचा प्रश्न मिटत नाही. त्याला कोणी विचारलंच नाही.

मी नगर जिल्ह्यातला, कालव्याच्या टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा. हेडवाल्याने हवं तेवढं पाणी घ्यावं असा नियम केला तर हेडवाला त्यालाच स्वातंत्र्य म्हणेल. टेलचं रान कोरडं राहतं. जीपीएलची अट टेलवाल्यासाठी आहे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ ला पहिलं जीपीएल काढलं तेव्हापासून तिचा गाभा तोच आहे: तुला जे मिळालं ते पुढच्याला देताना त्यातलं काही काढून घेऊ नकोस. स्वतःच्या घरात, ऑफिसात काय वाटेल ते कर, कुणाला सांगायचीही गरज नाही.

हे प्रत्यक्षात कसं घडतं त्याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण राउटरचं आहे. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी-५४-जी, निळ्या-काळ्या रंगाचा, दोन अँटेनावाला. २००३ मध्ये काही जणांनी फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) उकलून बघितलं तर आत लिनक्स आणि बिझीबॉक्स, दोन्ही जीपीएलखालचे, आणि सोर्स कुठेच दिलेला नाही. लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर आरडाओरडा झाला. त्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली होती. म्हणजे प्रश्न येऊन पडला तो जगातल्या नेटवर्किंगच्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीच्या दारात. सोर्स द्यावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोकळं फर्मवेअर सुरू झालं, आणि कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या राउटरांना लोक आजही त्यावर नवे सुरक्षा-अपडेट देतात. यातले बहुतेक जण लिनक्सचे लेखक नव्हते. दुकानातून राउटर आणलेली गिऱ्हाइकं होती. आत बीएसडीचा कोड असता तर त्यांना मागायला काही आधारच नव्हता. विनंती करता आली असती, बस्स.

कर्ल आणि एसक्यूलाइटबद्दल मोकळा_कोड म्हणतात ते खरंच आहे, पण तिथे मूळ प्रकल्प इतका पुढे आणि इतका वेगात असतो की वेगळी प्रत सांभाळणं कुणालाच परवडत नाही. ताईंचा कन्व्हर्टर तसा नाही. जुने फॉन्ट आता बदलणार नाहीत. एकदा तक्ते बरोबर बसले की काम जवळजवळ संपतं. म्हणजे कंपनीने एकदा घेतलं, आत दहा दुरुस्त्या केल्या आणि दार लावलं, तर परत यायचं तिला कारणच उरत नाही. स्वस्तात पडतं म्हणून दुरुस्त्या परत येतील, हा हिशेब इथे लागू होत नाही.

कंपनीला सांगा की जीपीएल विक्रीला मनाई करत नाही. त्यांनी कन्व्हर्टर स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून चालवावा, एका बाजूने फाइल द्यावी, दुसऱ्या बाजूने घ्यावी. त्यांचं बाकीचं सॉफ्टवेअर त्यांचंच राहतं. गिऱ्हाइकाला कन्व्हर्टरचा सोर्स, केलेल्या बदलांसकट, द्यायचा, एवढीच अट. आणि रूपांतर होऊन आलेला मजकूर तर कुठल्याच अटीत येत नाही. तो ज्याचा त्याचा. वकिलांना बऱ्याचदा हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

पण त्यांच्या वेबसाइटचं काय, हे ताईंनी लक्षात घ्यायला हवं. जीपीएलची अट प्रत हातात दिल्यावर लागते. वेबसाइटवर कोणी प्रत देत नाही, लोक फाइल चढवतात आणि उतरवतात. तिथे बदल लपवून ठेवले तरी जीपीएल मोडत नाही. यासाठीच २००७ च्या नोव्हेंबरात एजीपीएल-३ आलं: नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मिळाला पाहिजे. जीपीएल-३ च्या तेराव्या कलमात एजीपीएल-३ शी जोडायची मुभा आहे, त्यामुळे पुढचा नवा कोड तुम्ही एजीपीएलखाली लिहून जोडू शकता. त्यासाठी जुन्या मंडळींची परवानगी लागत नाही.

एका ठिकाणी मात्र मी मोकळा_कोड यांच्या बाजूचा. तक्ते. कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर ही माहिती जितकी पसरेल तितकी चांगली, मग ती कुलूपबंद सॉफ्टवेअरमध्ये का जाईना. २००१ मध्ये ऑग व्होर्बिस या आवाज साठवण्याच्या पद्धतीची लायब्ररी बीएसडीसारख्या लायसन्सवर आली तेव्हा खुद्द स्टॉलमन यांनी त्याला पाठिंबा दिला होता, कारण तिथे एमपी-३ च्या पेटंटमधून जगाला सोडवायचं होतं आणि त्यासाठी ती पद्धत प्रत्येक यंत्रात पोहोचणं गरजेचं होतं. आपल्या फॉन्टांतही हे झालंय. रेड हॅटचे लोहित फॉन्ट आधी जीपीएलखाली होते. फॉन्ट पीडीएफमध्ये रुतून बसतो, मग त्या पीडीएफला जीपीएल लागू होतं का, असला घोळ जीपीएलच्या फॉन्टांत वेगळी सूट लिहून मिटवावा लागतो. २०११ मध्ये लोहित ओपन फॉन्ट लायसन्सवर गेले. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे मुक्त आणि बलू हे फॉन्टही त्याच लायसन्सखाली आहेत. लग्नपत्रिका छापा, पुस्तक विका, तुमच्या मजकुरावर काहीही अट नाही. फॉन्टमध्येच बदल करून वाटलात तर मात्र तो त्याच लायसन्सखाली राहतो. कागद लिहिणाऱ्याचा, फॉन्ट सगळ्यांचा. इतकी नेमकी रेघ मारलेलं दुसरं लायसन्स मी पाहिलेलं नाही.

मोकळा_कोड

संपलेल्या कामात दुरुस्त्या परत येत नाहीत हा मुद्दा मान्य. दुरुस्त्या परत येण्याबद्दल मी जे लिहिलं ते चालत्या प्रकल्पांना लागू आहे.

पण दोन शंका. एक, जीपीएल मोडलं तर कोर्टात जाणार कोण? डीटीपी करणारी व्यक्ती? दुसरी, बीएसडीने लोक उघडे पडतात असं नाही. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी सोडलं तेव्हा शेवटच्या बीएसडी आवृत्तीवरून काही दिवसांत व्हॅल्की उभं राहिलं, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली. तोच कोड, आणि जुन्यांपैकी बरीच माणसं.

कृष्णाकाठ

मी तो सांगलीचा. 'आर्थिक' चा पॅच माझा. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल जुळवायचं काम करतो. तिथे 'आर्थिक वर्ष', 'आर्थिक पत्रके', 'आर्थिक स्थिती' पानापानावर येतं, आणि प्रत्येक ठिकाणी रफार क वर जाऊन बसायचा. ताईंचा कोड उघडा होता म्हणून रात्री बसून शोधता आलं. नाहीतर दर वर्षी मार्च संपला की हाताने दुरुस्त करत बसलो असतो.

व्हॅल्कीचं म्हणाल तर खरं आहे. पण ज्या बीएसडीमुळे व्हॅल्की काढता आलं त्याच बीएसडीमुळे रेडिसला दार लावताही आलं. बाहेरच्यांनी वर्षानुवर्षं दिलेला कोड त्या नव्या लायसन्सच्या आत गेला आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. शिवाय व्हॅल्कीमागे मोठमोठ्या कंपन्या होत्या. आमच्या कन्व्हर्टरमागे कोण उभं राहणार? मी, ताई, आणि अजून चार जण.

माझं उत्तर सरळ आहे. प्रोग्रॅमचं एमआयटी करायला मी संमती देणार नाही. मानधनात वाटाही नको. मी जे दिलं ते जीपीएल बघून दिलं, पुढच्या माणसालाही ते उघडं मिळेल या भरवशावर. माझ्या पतसंस्थेतल्या क्लार्कला उद्या एखादं जोडाक्षर चुकलेलं दिसलं तर ते त्याला, किंवा त्याच्या भाच्याला, दुरुस्त करता आलं पाहिजे. तक्ते मात्र घ्या, ते कुणालाही द्या. माझे दोन तक्ते आहेत, त्यांची लेखी संमती आजच मेलवर पाठवतो.

आणि ताई, एक विनंती. पुढे कोणी सुचवेल की सगळ्यांकडून हक्क स्वतःच्या नावावर लिहून घ्या, म्हणजे कटकट नको. ते करू नका. तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण हक्क एका हातात आले की उद्या तो हात कुणाचा असेल हे आपल्या ताब्यात राहत नाही. हक्क विखुरलेले आहेत म्हणूनच आज कंपनीला तुमच्या एकटीच्या सहीने काम भागवता आलेलं नाही.

जुना_युनिक्सवाला

कोर्टाचं. लिनक्सवर काम करणाऱ्या हॅरल्ड वेल्टे यांनी २००४ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या कोर्टाकडून जीपीएल मोडणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाईहुकूम मिळवला होता, म्हणजे हे लायसन्स कागदावरचं नाही. बहुतेक प्रकरणं तर पत्रावरच मिटतात, सोर्स देणं खटल्यापेक्षा स्वस्त असतं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या ६२ व्या कलमाने हक्कदाराला तो राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. ताईंना नाशिक सोडून मुंबई-दिल्लीला जावं लागणार नाही.

कृष्णाकाठ यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी शंभर टक्के सहमत.

अक्षरजुळणी

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचा मेल मिळाला.

ठरलं ते असं. प्रोग्रॅम जीपीएल-३ वरच राहील, आणि वेबसाठी जो नवा भाग लिहितेय तो एजीपीएल-३ खाली येईल. तक्ते वेगळ्या रिपॉझिटरीत (गिटहबवरच्या कोडच्या साठ्यात) काढते. ज्यांनी ज्यांनी तक्ते पाठवले त्यांना लिहिलंय. ज्यांचा होकार येईल ते तक्ते एमआयटीखाली, बाकीचे आहेत तसे. कंपनीला काल उत्तर पाठवलं: तक्ते घ्या, त्यात हवे ते बदल करा, आणि कन्व्हर्टर हवा असेल तर तो स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून, सोर्ससकट. वकिलांना दाखवून कळवतो म्हणालेत. मानधन नको म्हटलं नाही. तुमच्या संग्रहातल्या जुन्या अंकांच्या फाइलींवर कन्व्हर्टर तपासून द्यायचं काम माझ्याकडून घ्या, त्याचे पैसे द्या, असं सुचवलंय.

मोकळा_कोड, तुम्ही वाचकांचं जे म्हणालात ते डोक्यातून गेलं नाही. 'दुसऱ्या' चा नियम तक्त्यात नसतो, प्रोग्रॅममध्ये असतो. म्हणून तो नियम मी साध्या मराठीत, उदाहरणांसकट, तक्त्यांच्याच रिपॉझिटरीत लिहून ठेवतेय. नियमावर हक्क नसतो, तो वाचून कोणीही स्वतःचा कोड लिहावा. ज्यांना जीपीएल नको त्यांच्या हातूनही 'दुसर्या' छापलं जाऊ नये.

आता मदत हवी आहे. 'ऱ्ह' ची जोडाक्षरं, म्हणजे 'तऱ्हा', 'कऱ्हाड', 'ऱ्हास', माझ्याकडच्या दोन तक्त्यांत अजून संशयास्पद आहेत. 'ऱ्हास' मध्ये ते शब्दाच्या सुरुवातीलाच येतं आणि तिथे प्रोग्रॅम मागचं अक्षर शोधायला जाऊन रिकाम्या जागेला धडकतो. कुणाकडे नव्वदीच्या दशकातल्या मूळ फाइली आणि त्याच मजकुराचं छापील पान, दोन्ही असतील तर कळवा. नुसती फाइल असून उपयोग नाही, पान हवंच.

कृष्णाकाठ

कऱ्हाडच्या एका सहकारी संस्थेचे जुने अहवाल आहेत माझ्याकडे, फाइली आणि छापील प्रती दोन्ही. नाव पहिल्याच पानावर आहे. संस्थेला विचारून परवा स्कॅन पाठवतो.